सोमवार धरून

“आईंना मिळेल आता,” औषधवाला म्हणाला. “हिरवं आलंय.” आणि माझी खात्री पटावी म्हणून त्याने पडदा थोडासा माझ्याकडे वळवला. पडद्यावर आईचं नाव होतं, शिंक दाबून धरल्यासारखा दिसणारा तिचा जुना फोटो होता आणि त्याखाली एक हिरवी पट्टी. मी चुकीचं कार्ड पुढे केलं होतं. दोघींची कार्डं एकाच प्लास्टिकच्या पाकिटात होती आणि तिचं वर होतं, कारण इथून पुढे मला नोंदणी कार्यालयात जायचं होतं, तिच्या जाण्याची नोंद करायची होती आणि कार्ड जमा करायचं होतं. वाटेत नाकाने अडवलं म्हणून दुकानात शिरले. काल दिवसभर तिचं कपाट उपसत होते. लोकरीच्या, जुन्या कागदांच्या आणि कुठल्याशा कोरड्या पावडरीच्या धुळीने सकाळपर्यंत दोन्ही नाकपुड्या अशा बंद झाल्या होत्या की नोंदणीच्या खिडकीवर मला आईचं नावसुद्धा धड उच्चारता आलं नसतं. “बऱ्या आहेत ना?” पडद्याकडेच बघत त्याने विचारलं. माझ्या मागे एक माणूस खोकत उभा होता. हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. ती कुणासाठी हिरवी होती, ते यंत्राला कळायला अजून तासभर अवकाश होता.

आमच्या घरात नाक हा वारसा आहे. आजोबांकडून आईकडे आलं, आईकडून माझ्याकडे. आई त्याला संस्थान म्हणायची. “संस्थान आज बंद आहे,” असं सकाळी म्हणाली की समजायचं, आज बाई तोंडाने श्वास घेणार, सगळे ‘म’ ‘ब’ होणार आणि कुणी हसलं तर खैर नाही. ती पाचाच्या हिशेबात शिंकायची. चार झाल्या आणि पाचवी अडकली तर खालच्या मजल्यावरच्या मुली जिन्यात थांबून वाट बघायच्या. पाचवी आली की टाळ्या. आई वरून ओरडायची, “तिकीट लावीन हं!” या नाकावर एकच गोळी चालायची. छोटी, लाल, कडू. फवाऱ्याने तिला रक्त यायचं. बाकीच्या गोळ्या, ज्यांना कार्ड लागत नाही, त्यांना ती खडू म्हणायची. “खडू गिळून नाक उघडत असतं तर शाळेतल्या सगळ्या मास्तरांची नाकं बोगद्यासारखी असती.”

लाल गोळीवर बंधन आलं त्याला चार वर्षं झाली. पूर्वी ती काउंटरवर बरणीत असायची. मग बरणी मागच्या फळीवर गेली, मग कुलुपात. एका माणसाला तीस दिवसांत एकच पाकीट, दहा गोळ्या. कार्ड दाखवायचं, यंत्राने हिरवं म्हटलं की मोठ्या वहीत स्वतःच्या हाताने नाव, तारीख, वेळ, सही. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी आकडा तोच. कारण औषधवाल्यानेच पहिल्या दिवशी आवाज खाली आणून सांगितलं होतं, “काही लोक या गोळ्या गोळा करतात आणि त्यातून नशेचा माल शिजवतात.” आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि तुम्हाला वाटतं मी शिजवते? अहो, हिला विचारा, मला चहा जमत नाही.” तो हसला नाही. त्याने नियम पुन्हा सांगितला, अगदी त्याच शब्दांत. घरी येताना आईने त्याचं नाव ठेवलं, तीसदिवस. “तीसदिवसाकडे जाऊन ये गं.” “आज तीसदिवसाने केस कापलेत, बघितलंस?” तिला तो आवडत नसे असं मात्र नाही. त्याची वही तिला आवडायची. रकाने सरळ, खाडाखोड नाही, रोज नवं पान. “यंत्रावर भरवसा नाही म्हणून वही आणि वहीवर भरवसा नाही म्हणून यंत्र,” ती म्हणायची, “पण माणूस नीट आहे.”

तिला वह्यांतलं कळायचं. एकतीस वर्षं ती त्याच नोंदणी कार्यालयात खिडकीमागे बसली, जन्म आणि मृत्यूच्या. शाळा सुटल्यावर मी तिथे जायची आणि तिच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. शिक्क्याच्या शाईचा वास मला अजून कुठेही आला तरी भूक लागते, कारण त्या वासात मी डबा खायची. खिडकीच्या आतून लोक कमरेपासून वर दिसतात. हातात कागद घट्ट धरलेला, ओठ हलताहेत, आत काय बोलायचं त्याची तयारी चाललेली. नोंद एकवीस दिवसांत करायची. त्यानंतर आलं तर शपथपत्र, साक्षीदार, दंड, साहेबांची सही. एक माणूस मला स्पष्ट आठवतो. नवा शर्ट घातलेला, घडी अजून न मोडलेली. त्याच्या मते एकविसावा दिवस होता, आईच्या मते बाविसावा. तो बोटांवर मोजायला लागला. आईने त्याला पूर्ण मोजू दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, “तुम्ही जन्माचा दिवस धरला नाहीत. त्या दिवशी बाळ होतं की नव्हतं?” तो म्हणाला, “होतं.” “मग?” आणि त्याला परत पाठवलं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मला आईचा इतका राग आला की डबा तसाच ठेवला. संध्याकाळी चालताना मी विचारलं, “एका दिवसाने काय बिघडलं असतं?” ती म्हणाली, “बिघडलं नसतं. पण मग तो दिवस कुणाचा?” मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं असंही म्हणवत नाही.

पण तिची एक सवय होती, जी त्या कार्यालयात दुसऱ्या कुणाला नव्हती. रजिस्टरच्या प्रत्येक पानावरची शेवटची ओळ ती मोकळी सोडायची आणि त्या ओळीवर पेन्सिलने, बारीक अक्षरात, त्या दिवशी परत पाठवलेल्या माणसाचं नाव लिहायची. ‘आले होते. कागद अपुरे.’ ‘आले होते. एक दिवस उशीर.’ दोन असले तर दोन, दाटीवाटीने. तो माणूस पुन्हा आला की ती पान उलटायची, नाव घेऊन हाक मारायची आणि त्याला रांगेत उभं न करता पुढे घ्यायची. साहेबांनी तिला यावरून दोनदा लेखी समज दिली. रजिस्टरमध्ये घडलेल्या गोष्टींचीच नोंद असावी, असं त्या कागदात होतं. आईने खाली उत्तर लिहिलं, ‘माणूस आला होता, हे घडलं आहे.’ हे दोन्ही कागद मला काल कपाटात सापडले, विम्याच्या पावत्यांच्या खाली, प्रमाणपत्र जपून ठेवावं तसे. मी ते धुळीतच बसून वाचले आणि शिंकले. चारदा. पाचवी आली नाही.

शेवटच्या वर्षी तिची फुप्फुसं थकली. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र आलं, खाटेशेजारी, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं धापा टाकत बसलेलं. त्याची नळी नाकात. आणि नाक हे असं. नळीतून हवा यायची आणि दारावरून परत जायची. लाल गोळी घेतली की दोन-तीन तास संस्थान उघडायचं. तेवढ्यात ती जेवायची, बोलायची, मला वर्तमानपत्रातल्या चुका दाखवायची. मी मुद्रितशोधक आहे, चुका शोधण्याचा पगार मला मिळतो आणि त्या तिला आधी दिसतात, याचा तिला फार आनंद होता. तिच्या दहा गोळ्या दहा दिवसांत संपायच्या. मग मी माझ्या कार्डावर पाकीट आणायची आणि तिच्या डबीत मिसळायची. तिला ते चालायचं नाही. “वहीत तू सही करणार आणि नाकात माझ्या जाणार. खोटी नोंद आहे ती.” “आई, गोळी आहे, वारसपत्र नाही.” “ठमे, नोंद ही नोंद असते.” मग मी सांगणं सोडलं. डबीतल्या गोळ्या जरा जास्त टिकू लागल्या. तिने मोजल्या नसतील असं मला वाटत नाही. ती न बोलता घ्यायची आणि मी न बोलता भरायची.

त्या शेवटच्या आठवड्यात माझंही पाकीट संपलं. दहातल्या सहा तिच्या डबीत गेल्या आणि चार मी खाल्ल्या. त्यातल्या शेवटच्या दोन्ही मंगळवारी, ती जायच्या दोन दिवस आधी, खाल्ल्या. नकाशांच्या पुस्तकाची सूची छापायला जायची होती, चारशे गावांची नावं, एकेक अक्षर, आणि नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी कचेरीतल्या पिंपातलं पाणी घेतलं आणि एकापाठोपाठ दोन गिळल्या. सूची निर्दोष गेली. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नाकावरून किती रामायण करशील? वय झालं होतं तिचं.” डॉक्टर म्हणाले, “दोन गोळ्यांनी आयुष्य वाढलं नसतं.” मी आयुष्याचं विचारलंच नव्हतं. मी त्यांना एका बुधवार संध्याकाळचं विचारत होते.

आईचा हिशेब असा होता: मागचं पाकीट सोमवारी आणलं, म्हणजे सोमवार एक, मंगळवार दोन, असं करत चार आठवड्यांनंतरच्या मंगळवारी तीस पुरे. बुधवारी नवं मिळणार. तिने खाटेवर पडल्या पडल्या कॅलेंडरवर नखाने खूण केली होती. बुधवारी कचेरीतून लवकर निघाले आणि थेट या काउंटरवर आले. तीसदिवसाने आईचं कार्ड यंत्राला लावलं. लाल. “उद्या,” तो म्हणाला. मी मोजून दाखवलं. बोटांवर. त्याने मला पूर्ण मोजू दिलं. मग म्हणाला, “घेतल्याचा दिवस धरत नाहीत, मॅडम. यंत्र दुसऱ्या दिवसापासून मोजतं.” मी म्हटलं, ती तोंडाने श्वास घेतेय, तोंड आतून सोललंय, जीभ टाळूला चिकटते, तिला बोलता येत नाही. त्याने चष्मा काढून पुसला. “मला कळतं. पण माझ्या हातात नाही.” मी म्हटलं, “तुमच्या हातातच आहे, कुलूप तुमच्या हातात आहे.” तो म्हणाला, “उद्या सकाळी दहाला या. मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो.” आणि मला शरम वाटते, पण मी धन्यवाद म्हटलं.

घरी आईने माझे रिकामे हात बघितले. मी तिला सांगितलं. ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले. ती बराच वेळ काहीतरी जुळवत होती, श्वास साठवत होती, मला वाटलं पाणी हवंय. मग ती म्हणाली, तुटक, पण प्रत्येक शब्द जागेवर, “सोमवार धरला नाही त्यांनी.” आणि थोड्या वेळाने, “चूक त्यांची आहे.” हे तिचं शेवटचं पूर्ण वाक्य. लोकांच्या आया जाताना आशीर्वाद देतात, निदान नाव तरी घेतात. माझ्या आईने हरकत नोंदवली. गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी ती गेली, दुकान उघडायच्या आधी. तोंड उघडंच होतं. ते मिटायला मला फार वेळ लागला.

“मॅडम,” तीसदिवस म्हणाला, “देऊ ना?” त्याने कुलूप उघडलं होतं. लाल पाकीट काउंटरवर ठेवलं होतं, वही उघडून माझ्याकडे फिरवली होती, पेन आडवं ठेवलं होतं. मागचा माणूस खोकायचा थांबला होता, बहुधा ऐकायला.

“हे नको,” मी म्हटलं. “चुकून दिलं. माझं घ्या.” मी खालचं कार्ड काढून दिलं. त्याने लावलं. लाल. त्याने तारीख बघितली, मीही बघितली. माझं शेवटचं पाकीट महिन्यापूर्वीच्या एका शनिवारचं. तो शनिवार धरला तर काल रविवारी तीस पुरे झाले, आज मिळायला हवं. न धरला तर आज तिसावा.

“उद्या,” तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघून त्याला कसंसंच झालं असावं, कारण माझं नाक, डोळे, सगळंच गळत होतं. तो पुढे वाकला. “असं करू. आईंच्याच कार्डावर टाकतो. हिरवं आहेच. घरातलीच तर आहे गोळी. त्यांना काय, त्या काही रागावणार नाहीत.”

“आई गेली,” मी म्हटलं. ते ‘आई’ तेवढं नीट आलं. त्याला नाक लागत नाही.

त्याचा हात यंत्रावर होता तो तसाच राहिला. “कधी?”

“त्याच गुरुवारी. तुम्ही दहाला बोलावलं होतंत.”

मागचा माणूस एक पाऊल मागे सरकला. तीसदिवसाने पाकिटाकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा पाकिटाकडे, आणि दोन बोटांनी ते माझ्याकडे सरकवलं. अगदी हळू. “घ्या,” तो म्हणाला. “यंत्राला अजून माहीत नाही. मी लिहितो काय ते. घ्या तुम्ही.”

तो चांगुलपणाने करत होता, हे मला दिसत होतं. आणि माझ्या आत काहीतरी उकळून वर आलं, जे एकोणीस दिवस कुठे होतं कोण जाणे. जिवंत बाईला एक दिवस नव्हता आणि मेलेल्या बाईला दहा गोळ्या होत्या. ज्या बाईने आयुष्यभर खोटी ओळ लिहिली नाही, तिच्या नावाने शेवटची ओळ खोटी लिहायची, आणि तीही माझ्या नाकासाठी. माझ्या! मंगळवारी दोन खाल्लेल्या माझ्या नाकासाठी. मी पाकीट परत त्याच्याकडे सरकवलं. सरकवलं म्हणजे ढकललं. ते काउंटरवरून त्याच्या पोटाला लागून खाली पडलं.

“त्या बुधवारचं पान काढा,” मी म्हटलं.

“कशाला?”

“काढा.”

“मॅडम, वही दाखवता येत नाही. दुसऱ्यांची नावं असतात.”

“नावं झाका. मला खालची जागा हवीय.”

का ते ठाऊक नाही, पण त्याने पानं उलटली. कदाचित मागे माणूस उभा होता म्हणून, कदाचित मी रडत नव्हते म्हणून. बुधवारच्या पानावर सात नोंदी होत्या. त्याने त्यांच्यावर पाकिटांचा एक रिकामा खोका ठेवला. खाली अर्धं पान कोरं होतं. त्या दिवशी इथे कोण आलं आणि काय घेऊन गेलं, ते वर होतं. कोण आलं आणि काही न घेता गेलं, ते कुठेच नव्हतं. मी पर्समधून पेन्सिल काढली, मुद्रितं तपासायची, टोक केलेली. सगळ्यात खालच्या ओळीवर आईचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं: ‘हिच्यासाठी मुलगी आली होती. मागितलं. दिलं नाही. एक दिवस कमी, असं सांगितलं.’ अक्षर बारीक ठेवलं. तिचं असायचं तसं.

“मॅडम, तपासणीला येतात हो,” तो म्हणाला. “परवाना जाईल माझा. हे काय आहे विचारतील.”

“विचारू दे. सांगा, माणूस आला होता, हे घडलं आहे.”

“पेन्सिल आहे. मी खोडू शकतो.”

“खोडा. पण मग रोज ते पान उलटताना तुम्हाला कळेल की तिथे खोडलंय.”

वेळेच्या रकान्यात मी साडेपाच लिहिलं. तो चष्म्यावरून वाकून बघत होता. मग म्हणाला, “साडेपाच नाही.” आणि आवाज एकदम खाली गेला, पहिल्या दिवशी नशेच्या मालाचं सांगताना गेला होता तसा. “पाच वाजून दहा. मी घड्याळात बघितलं होतं. तुम्ही गेल्यावर.”

मी खोडून पाच दहा केलं. मला त्याच्याविषयी दया वाटली नाही. पण नोंद बरोबर झाली, याचं समाधान वाटलं, आणि ते समाधान माझं नव्हतं, तिचं होतं, मी ओळखलं. मंगळवारच्या दोन गोळ्या कुठल्या वहीत लिहायच्या, ते मला माहीत नाही. ते पान माझ्याजवळच राहील.

मी दोन्ही कार्डं उचलली, आईचं वर ठेवलं. नोंदणी कार्यालय पाच मिनिटांवर आहे. तिथे आता कुणी दुसरं बसतं, आणि मी आज जाणार होते, कारण आज एकोणिसावा दिवस, तो गुरुवार धरून. तो धरायचाच. त्या दिवशी आठ वीसपर्यंत ती होती. मी तोंडाने श्वास घेत दारापर्यंत आले. घसा आतून सुकत चालला होता. बुधवारी तिचा सुकत होता तो असा, किंवा याच्या कितीतरी पट. पाच मिनिटं मी तसं चालू शकते.

“मॅडम,” तो मागून म्हणाला. खाली वाकून पाकीट उचलत होता. “उद्या या. दहाला. बाजूला काढून ठेवतो.”

मी वळले. वही अजून उघडी होती, आजच्या पानावर आणून ठेवलेली, ताज्या तारखेखाली. मी परत गेले, वही माझ्याकडे फिरवली आणि पानाच्या तळाशी, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मी आज आले होते,” मी म्हटलं. “इथे लिहा. आज सोमवार आहे. तो धरा.”